लायगो-इंडिया : शांततेचीही किंमत मोजावी लागेल

गुरुत्वीय लहरींचा वेध घेणाऱ्या लायगो, व्हर्गो आणि काग्रा या वेधशाळांच्या निरीक्षणांचा चौथा टप्पा १८ नोव्हेंबर २०२५ रोजी संपला. मे २०२३ मध्ये सुरू झालेल्या या टप्प्यामुळे, २०१५ पासून मिळालेल्या संकेतांची संख्या तीनशेच्या घरात गेली आहे. लायगो अमेरिकेत, व्हर्गो इटलीत आणि काग्रा जपानमध्ये आहे. यातला एकही संकेत भारतातल्या यंत्राने टिपलेला नाही, कारण ते यंत्र अजून उभे राहायचे आहे. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे होणारी लायगो-इंडिया वेधशाळा २०३० पर्यंत पूर्ण करण्याचे उद्दिष्ट आहे.

या प्रकल्पाची चर्चा होते ती खर्चाची आणि तारखांची. त्याची सर्वांत अवघड गरज मात्र वेगळीच आहे : शांत जमीन, आणि तीही पुढची अनेक दशके शांत राहील अशी. नाशिक जिल्ह्याला हा प्रश्न परका नाही. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीमुळे पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग बदलण्याची वेळ आली, तेव्हा विज्ञानाला लागणाऱ्या शांततेचा भार कोणावर पडतो हे या भागाने पाहिले आहे.

महाराष्ट्राएवढ्या आकाराचा पुरावा

आइन्स्टाइन यांनी १९१६ मध्ये गुरुत्वीय लहरींचे भाकीत केले. वस्तुमाने प्रवेगाने हलतात तेव्हा अवकाश-काळाच्या पटलावर तरंग उठतात, असे ते भाकीत. पहिला तरंग प्रत्यक्ष पकडला गेला तो १४ सप्टेंबर २०१५ रोजी, म्हणजे जवळपास शंभर वर्षांनी. त्यासाठी रेनर वाइस, बॅरी बॅरिश आणि किप थॉर्न यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

गेल्या दहा वर्षांत यंत्रे किती सुधारली हे १४ जानेवारी २०२५ च्या संकेतातून दिसले. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर, प्रत्येकी सूर्याच्या तीस-पस्तीस पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एक झाली. ही घटना २०१५ च्या घटनेसारखीच होती. पण या वेळी संकेत कितीतरी स्पष्ट मिळाला. त्यामुळे स्टीफन हॉकिंग यांनी १९७१ मध्ये मांडलेला नियम तपासता आला. कृष्णविवरे एकत्र आली तर त्यांचे एकूण पृष्ठफळ कधीच कमी होत नाही, असे तो नियम सांगतो. विलीनीकरणापूर्वी दोघांचे मिळून पृष्ठफळ सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर होते, नंतर ते सुमारे ४ लाख झाले. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटर आहे. म्हणजे आधी आपल्या राज्याहून लहान असलेला आकडा नंतर राज्याहून बराच मोठा झाला. हॉकिंग यांचा नियम खरा ठरला.

याच संकेतात एका भारतीय शास्त्रज्ञाचे कामही पुन्हा उजळून निघाले. सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्येच दाखवले होते, की धक्का बसलेले कृष्णविवर घंटेसारखे घुमते आणि हा नाद विरत जातो. त्या नादावरून कृष्णविवराचे वस्तुमान आणि त्याची गिरकी कळते. हा विरत जाणारा नाद २०२५ च्या संकेतात स्वच्छ ओळखू आला. विश्वेश्वरा २०१७ मध्ये गेले. त्यांच्या कागदावरच्या गणिताला इतका ठोस पुरावा मिळायला पंचावन्न वर्षे लागली.

आरसे, लेसर आणि गणित

लायगोचे यंत्र इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकाराचे असते. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या काटकोनात जोडलेल्या असतात. एकच लेसर किरण दुभागून दोन्हींत सोडला जातो आणि टोकाच्या आरशांवरून परत आणून पुन्हा एकत्र केला जातो. गुरुत्वीय लहर आली की एक बाजू किंचित लांबते, दुसरी आखडते, आणि परतलेल्या किरणांचा मेळ बिघडतो. हा बिघाड म्हणजेच संकेत.

‘किंचित’ म्हणजे किती? प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. त्यासाठी प्रत्येकी ४० किलो वजनाचे आरसे काचेच्या बारीक तंतूंवर, एकाखाली एक अशा चार लोलकांच्या साखळीत टांगलेले असतात. किरण नळीत सुमारे तीनशे फेऱ्या मारतो, त्यामुळे चार किलोमीटरची नळी जणू बाराशे किलोमीटरची होते. एवढे करूनही प्रकाशाच्या स्वतःच्या पुंज-स्वभावामुळे मोजमापात थोडी थरथर उरतेच. ती ‘दाबलेला प्रकाश’ वापरून कमी करतात. प्रकाशातली एका प्रकारची अनिश्चितता दाबायची आणि त्या बदल्यात, जिच्याने मोजमाप बिघडत नाही अशी दुसरी वाढू द्यायची, असे हे तंत्र आहे. चौथ्या टप्प्यात त्याची सुधारित आवृत्ती वापरली गेली, म्हणूनच अधिक दूरच्या घटना पकडता आल्या.

तरीही मिळणारा संकेत गोंगाटात बुडालेलाच असतो. तो बाहेर काढण्याचे काम गणिताचे. बाजार समितीत कांद्याचा लिलाव चालू असताना चहूकडून बोलींचा गलका असतो. पण आपल्या ट्रॉलीची बोली शेतकऱ्याच्या कानाला बरोबर ऐकू येते, कारण काय ऐकायचे हे त्याला आधीच ठाऊक असते. लायगोची पद्धत हीच आहे. कोणत्या वस्तुमानाची कृष्णविवरे कसा संकेत देतील याचे हजारो नमुने आधी गणिताने तयार करतात आणि एकेक नमुना गोंगाटावर ठेवून जुळतो का ते पाहतात. असे नमुने कसे निवडावेत याचे पायाभूत काम पुण्याच्या आयुका संस्थेतील संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ च्या सुमारास केले. जयंत नारळीकर यांनी १९८८ मध्ये आयुका स्थापन केली, त्यानंतर अवघ्या तीन वर्षांतले हे काम. तेव्हा गुरुत्वीय लहर सापडेल यावर अनेकांचा विश्वासही नव्हता.

चांदवडला जे जमणार नाही

गणित आणि प्रकाशशास्त्र कितीही पुढे गेले, तरी यंत्र जमिनीवरच उभे असते आणि जमीन कधीच स्थिर नसते. समुद्राच्या लाटांमुळेही ती सतत मायक्रोमीटरच्या घरात हलत असते. मोजायच्या अंतराच्या तुलनेत हे हलणे सुमारे एक लाख कोटी पट मोठे आहे. लोलकांच्या साखळीने त्यातले बरेचसे गाळता येते, सगळे नाही.

चांदवडचे उदाहरण घेतले तर अडचण लगेच कळते. मुंबई-आग्रा महामार्ग गावाला लागून जातो. राहुड घाटात अवजड वाहने दिवसरात्र चढत-उतरत असतात. कांद्याच्या हंगामात बाजार समितीकडे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ लागते आणि मनमाडचे रेल्वे जंक्शन हाकेच्या अंतरावर आहे. माणसांच्या ते अंगवळणी पडले आहे. पण अशा ठिकाणी चार किलोमीटरच्या नळीतले आरसे स्थिर ठेवणे जवळपास अशक्य. जो रस्ता आणि जी वाहतूक चांदवडची बाजारपेठ चालवते, तीच या विज्ञानाला चालत नाही.

अमेरिकेतही हा त्रास सुटलेला नाही. लुइझियानातील लिव्हिंग्स्टनच्या यंत्राला आसपासच्या जंगलतोडीचा आणि मालगाड्यांचा उपद्रव होतो. वॉशिंग्टन राज्यातील हॅनफर्ड येथे २०१७ मध्ये संकेतांत अधूनमधून विचित्र टिपके दिसू लागले. शोध घेतला तेव्हा कळले, की नळीवर साचलेले हिम तहानलेले डोमकावळे चोचीने टोचत होते.

औंढा नागनाथची निवड झाली ती अशा उपद्रवांपासून ही जागा तुलनेने दूर असल्यामुळे. मात्र मार्च २०२४ मध्ये हिंगोली परिसरात ४.५ तीव्रतेचा भूकंपाचा धक्का जाणवला होता. निसर्गाच्या हालचालींना मनाई करता येत नाही. त्या गृहीत धरूनच यंत्राची आखणी करावी लागते. माणसाच्या गोंगाटाचे तसे नाही. तो कुठे होऊ द्यायचा आणि कुठे नाही, हे सरकार आणि समाज ठरवतात.

भारतातच का, आणि आताच का

एक यंत्र लहर आली एवढेच सांगते. ती आकाशात कुठून आली हे कळायला दूरदूरची अनेक यंत्रे लागतात. ऑगस्ट २०१७ मध्ये दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले. लायगोच्या दोन यंत्रांनी सांगितलेला आकाशाचा पट्टा सुमारे १९० चौरस अंशांचा होता. व्हर्गोची जोड मिळताच तो सुमारे ३० वर आला. पौर्णिमेच्या चंद्रांत मोजले तर साडेनऊशे चंद्रांची जागा दीडशे चंद्रांवर आली. म्हणूनच त्याच रात्री दुर्बिणींना नेमकी आकाशगंगा सापडली आणि सोन्यासारखी जड मूलद्रव्ये अशा टकरींत तयार होतात याचा पुरावा मिळाला. त्या टकरीनंतरच्या रेडिओ लहरींच्या निरीक्षणात खोडदच्या दुर्बिणीचाही सहभाग होता. अमेरिका, इटली आणि जपान यांच्यापासून दूर भारतात आणखी एक यंत्र आले, तर शोधायचे क्षेत्र आणखी आक्रसेल.

त्यासाठी वेळ मात्र हातचा जात आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तत्त्वतः मंजुरी दिली. सुमारे २६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी आली ती एप्रिल २०२३ मध्ये. मधली सात वर्षे गेली. मे २०२५ मध्ये अमेरिकी सरकारच्या अर्थसंकल्पी प्रस्तावात लायगोच्या दोनपैकी एक वेधशाळा बंद करण्याची सूचना होती. विज्ञानाची जागतिक जाळी अशीही विरू शकतात. आपले यंत्र उभे राहीपर्यंत बाकीची तशीच चालू असतील, असे धरून चालता येणार नाही.

खोडदचा धडा

नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. तिला हवी असते ती रेडिओ लहरींची शांतता. नियोजित पुणे-नाशिक रेल्वे या भागातून गेली असती तर विद्युत यंत्रणेचा गोंगाट दुर्बिणीला बाधला असता. म्हणून आखणी बदलण्याचा निर्णय झाला आणि शिर्डीमार्गे जाणारा पर्याय पुढे आला. त्यावर जुन्नर आणि संगमनेर भागातून विरोध झाला. रेल्वेची वाट पाहणाऱ्या लोकांचा राग समजण्यासारखा आहे. दुर्बिणीची गरजही खरी आहे. चूक झाली ती क्रमात. दुर्बीण तिथे नव्वदच्या दशकापासून आहे. मार्गाची पहिली रेघ ओढतानाच हा विचार पुढे ठेवला असता, तर स्वप्न दाखवून ते काढून घेण्याची वेळ आली नसती.

औंढ्याला रेडिओ लहरींची नाही, जमिनीची शांतता लागेल. म्हणजे दगडखाणी, खडी क्रशर, पवनचक्क्या, अवजड रस्ते आणि रेल्वे यांवर काही अंतरापर्यंत बंधने. किती अंतरापर्यंत, कशावर आणि किती काळ, हे नियम जितक्या लवकर आणि जितक्या उघडपणे ठरतील तितके बरे. मराठवाड्यातल्या तालुक्याने उद्योग आणि रस्त्यांवर पाणी सोडायचे असेल, तर त्याच्या वाट्याला काय येणार हेही त्याच वेळी लिहून दिले पाहिजे. यंत्राच्या देखभालीसाठी निर्वात तंत्र, प्रकाशशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणकाची जाण असलेली माणसे अनेक वर्षे लागणार आहेत. लेसर आणि प्रकाशशास्त्राची जबाबदारी इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राकडे आहे, निर्वात यंत्रणेची गांधीनगरच्या संस्थेकडे, तर विदा आणि विज्ञानाची आयुकाकडे. या संस्थांनी हिंगोलीच्याच नव्हे, तर चांदवडसारख्या तालुक्यांतल्या महाविद्यालयांतूनही मुले घडवायला आताच सुरुवात केली, तर २०३० मध्ये यंत्राबरोबर ते चालवणारे हातही तयार असतील.