बंद पडलेला काटा

दुचाकीचा स्पीडोमीटर बंद पडला तर आपल्याकडे कोणाला फारसे वाईट वाटत नाही. गाडी पळते आहे ना, मग काटा कशाला हवा, असे म्हणून लोक वर्षानुवर्षे तशीच गाडी फिरवितात. मला मात्र अशाच एका बंद काट्याने गेल्या उन्हाळ्यात धडा शिकविला.

माझे वडील धर्माबादेत मोटारसायकल दुरुस्तीचे काम करतात. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत झाले. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. प्रवेशअर्जात 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'व्यापार' असे लिहिले होते. 'मिस्त्री' हा शब्द लिहायला माझा हात धजला नाही.

मे महिन्यात एक निवृत्त शिक्षक जुन्या बुलेटवरून नांदेडहून बासरला सरस्वतीच्या दर्शनाला निघाले होते. वाटेत आमच्या दुकानाशी थांबले. मीटर पुरते बंद होते. दुसरीकडे त्यांना नवे मीटर बसवायला सांगितले होते. वडिलांनी नुसते विचारले, "गुरुजी, आकडे तरी फिरतात का?" आकडेही फिरत नव्हते. वडील मला म्हणाले, "काटा बी बंद, आकडे बी बंद. म्हंजे दोष खाली हाय. आकडे फिरून नुसता काटा मेला असता, तर मीटर उघडावं लागलं असतं."

मग त्यांनी मीटरखालून केबल सोडविली आणि मला पुढचे चाक हाताने फिरवायला लावले. केबलमधली तार हलेना. तार बाहेर ओढून पाहिली, तर ती अखंड होती. आता उरला तो चाकाच्या हबजवळचा गिअर. चाक काढल्यावर कारण सापडले. कोणीतरी पंक्चर काढून चाक परत बसविताना गिअरच्या चकतीचे दोन कान हबच्या खाचेत न बसविताच एक्सल आवळला होता. कान चेपून मोडले होते आणि आतले ग्रीस वाळून खडा झाले होते. वडिलांनी जुन्या सामानाच्या डब्यातून चकती शोधली, गिअर रॉकेलने धुऊन ग्रीस भरले, कान खाचेत बसल्याची बोटाने खात्री केली आणि मगच एक्सल आवळला. केबलला ग्रीस लावताना वरची वीतभर तार कोरडी ठेवली. नाहीतर ग्रीस वर चढून मीटर खराब करते. स्टेशनपर्यंत एक फेरी मारली, काटा उठला. नवे मीटर लागलेच नाही.

आम्ही तर्कशास्त्रात जॉन स्टुअर्ट मिलच्या रीती शिकतो. 1843 च्या आपल्या ग्रंथात त्याने कार्यावरून कारण कसे शोधावे हे सांगितले. परीक्षेत मी ते पाठ करून लिहिले. वडिलांनी मिलचे नावही ऐकलेले नाही. पण एकेक शक्यता पडताळून बाद करीत कारणापर्यंत कसे जावे, हे मला त्या दिवशी त्यांच्या शेजारी उकिडवे बसून कळले.

याचा अर्थ पुस्तके व्यर्थ आहेत, असा कोणी घेऊ नये. काटा मुळात फिरतो कशाने, हे वडिलांना ठाऊक नव्हते. मी ग्रंथालयात वाचून त्यांना सांगितले. केबल मीटरमध्ये एक चुंबक फिरविते. त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. दोघांचा स्पर्श होत नाही, आणि ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटतही नाही. पण फिरत्या चुंबकामुळे वाटीत विजेचे भोवरे उठतात व ती ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत काटा जिथे थांबतो, तो वेग. जर्मनीतील ओटो शुल्झे याने 1902 साली याचे पेटंट घेतले. वडील ऐकत राहिले. मग म्हणाले, "इतकी वर्षं हाताळलं, पण आज समजलं."

हाताचे ज्ञान आणि पुस्तकाचे ज्ञान यांची अशी भेट आपल्या महाविद्यालयात का होऊ नये? गांधीजींनी 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही व्यवसायशिक्षणावर भर आहे. तेव्हा माझी सूचना साधी आहे. वर्षातून काही तास गावातला मिस्त्री, सुतार, शिंपी वर्गात यावा, आणि तोही पाहुणा म्हणून नव्हे, तर शिकविणारा म्हणून. त्याला मानधन मिळावे आणि आपण वही उघडून बसावे.

कोणी म्हणेल, मिस्त्रीचे कौतुक करणारा हा मुलगा स्वतः मिस्त्री होणार आहे काय? प्रश्न रास्त आहे. वडिलांचीच इच्छा आहे की मी पाना हाती धरू नये. काळ्या बोटांची आणि दुखऱ्या कमरेची किंमत त्यांना माहीत आहे. तिचे गोडवे मी गाणार नाही. शिवाय नव्या गाड्यांत ही केबल जाऊन सेन्सर आले आहेत, हेही खरे. पण धंदा सोडणे निराळे आणि त्याची लाज बाळगणे निराळे.

पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज भरायचा आहे. त्या रकान्यात काय लिहायचे, ते आता ठरले आहे.