परमुलखात आपला हुकूम

भारताचं लष्करी गुपित जगात कुणीही, कुठेही फोडो, त्याला आपल्या शासकीय गुपिते कायद्याखाली आरोपी करा आणि पकडून आणा, असं आमच्या भिवंडीतले एक विद्वान गृहस्थ हल्ली प्रत्येक व्याख्यानात सांगतात. गुपित आपलं, नुकसान आपलं, म्हणून कायदाही आपलाच. अमेरिकेने ज्युलियन असांजला धरलं, मग आपणच का हात बांधून बसायचं? टाळ्या पडतात. ही मागणी आपल्याच अंगावर उलटणारी आहे, हे टाळ्या वाजवणाऱ्यांना कुणी सांगत नाही.

त्यांचं आवडतं उदाहरण माझगाव डॉकचं. ऑगस्ट 2016 मध्ये एका ऑस्ट्रेलियन दैनिकाने तिथे बांधल्या जाणाऱ्या स्कॉर्पिन पाणबुड्यांची 22 हजारांहून अधिक पानं फुटल्याची बातमी दिली. ‘त्या पत्रकाराला फरफटत आणायला हवं होतं!’ पण पुढे काय घडलं, ते हे गृहस्थ सांगत नाहीत. कागद डीसीएनएस या फ्रेंच कंपनीचे होते. दैनिकाने नाजूक आकडे काळे करूनच पानं छापली होती. कंपनी सिडनीच्या न्यायालयात गेली आणि आठवड्याभरात पुढच्या छपाईवर मनाई हुकूम आला. आपल्या कायद्याचं एक कलमही न लावता ती पानं थांबली.

शिवाय 1923 चा हा कायदा स्वतः काय म्हणतो? तो भारतभर लागू आहे, आणि देशाबाहेर फक्त सरकारी नोकरांना व भारतीय नागरिकांना. प्रजेवर काडीचाही विश्वास नसलेलं इंग्रज सरकारसुद्धा तिथेच थांबलं. भिवंडीतल्या गोदामात शिरताना कामगाराच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतात. पण मालकाने म्हणून रस्त्यापलीकडच्या चहावाल्याचा फोन मागितला, तर तो देईल का?

1957 चा मुंबईचा खटलाही ते पुढे करतात. कराचीतल्या मुबारक अलीने तांदळाच्या सौद्यात गोव्याच्या व्यापाऱ्याला फसवलं आणि परदेशी असूनही सर्वोच्च न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं. ठरवणारच! पैसे मुंबईत हातोहात गेले होते, गुन्हा मुंबईत घडला होता.

आता असांज. हा ऑस्ट्रेलियाचा नागरिक. त्याच्यावरच्या 18 आरोपांपैकी 17 अमेरिकेच्या 1917 च्या हेरगिरीविरोधी कायद्याखालचे. पाच वर्षं तो लंडनच्या बेलमार्श तुरुंगात होता. जून 2024 मध्ये एका आरोपाची कबुली देऊन सुटला. हा दाखला मिरवणाऱ्यांना 2011 आठवतं का? असांजने फोडलेल्या त्याच अमेरिकी वकिलातींच्या तारा चेन्नईच्या एका इंग्रजी दैनिकाने मालिका चालवून छापल्या. 2008 च्या विश्वासदर्शक ठरावावेळच्या पैशांचे आरोप त्यात निघाले आणि संसद दणाणली. आमचे विद्वानही तेव्हा ती कात्रणं खिशात घेऊन हिंडत होते. अमेरिकेने त्या संपादकांना मागितलं असतं, तर यांनी ते दिले असते? यांच्या न्यायाने द्यायलाच हवे होते. चीनने हाँगकाँगवर 30 जून 2020 ला लादलेल्या सुरक्षा कायद्यात 38 वं कलम आहे: तिथला कायम रहिवासी नसलेल्याने हाँगकाँगबाहेर केलेला गुन्हाही त्यात येतो, आणि गुन्ह्यांमध्ये सरकारी गुपितंही आहेत. उद्या चीनहून रॅपिअर माग आणायला निघालेला आपला एखादा मागवाला, इथे बसून कुणाला पाठवलेल्या कागदापायी हाँगकाँगच्या विमानतळावर अडकला, तर कोणत्या तोंडाने आपण त्याला सोडवणार? आपणही तोच हक्क सांगत असू तर तोंडच उरत नाही.

हा जोश जुनाच. 2004 मध्ये एका परदेशी अभ्यासकाला शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकापायी इंटरपोलकरवी आणण्याची भाषा याच राज्यात झाली. तेव्हाही मी याच गृहस्थांशी भांडलो होतो. तो अभ्यासक काही आला नाही. त्या प्रकरणात संशोधन संस्थेवर झालेल्या हल्ल्यात फाटल्या त्या पुण्यातल्या आपल्याच पोथ्या.

मग परक्यांना मोकळं सोडायचं? मुळीच नाही. बाहेरून आपल्या संगणकात घुसणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 75 वं कलम लागू आहे, त्याचं नागरिकत्व कोणतंही असो. इथल्या माणसाला फितवणारा इथे सापडला, तर त्याच्यावर जरूर खटला भरा. आणि पाणबुडीच्या पुढच्या प्रत्येक करारात अट घाला: विक्रेत्याकडून कागद फुटला तर जबर भरपाई, आणि त्याच्या देशात होणाऱ्या तपासात आपले अधिकारी.