एक्स-रेत न दिसणारी दुखापत

इंदूरच्या ए. बी. रोडवर सिग्नलला थांबलेल्या मोटारीला मागून दुसरी मोटार धडकते. बंपर चेपतो, दोन चालकांत बाचाबाची होते, गाडी गॅरेजमध्ये जाते. मान आखडते ती अनेकदा दुसऱ्या दिवशी. झटक्याने स्नायू आणि अस्थिबंध ताणलेले असतात, पण हाड शाबूत असते. एक्स-रे स्वच्छ येतो, केसपेपरवर ‘किरकोळ दुखापत’ लिहिले जाते आणि भरपाईचा हक्क तिथेच कमजोर होतो.

कायदा मात्र हाडापाशी थांबलेला नाही. 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या मोटार वाहन कायद्याच्या नव्या कलम 164 प्रमाणे गंभीर दुखापत झालेल्याला चालकाची चूक सिद्ध न करताही अडीच लाख रुपये मागता येतात. गंभीर दुखापत कशाला म्हणायचे, यासाठी हा कायदा भारतीय दंड संहितेच्या कलम 320 चा आधार घेतो. तिथे मोडलेल्या हाडाइतकेच स्थान होते 20 दिवस तीव्र वेदना देणाऱ्या किंवा नेहमीची कामे करू न देणाऱ्या दुखापतीला. तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेने तर ही मुदत 15 दिवसांवर आणली. मग महिनाभर शिलाई मशीनवर बसू न शकलेल्या बाईची दुखापत किरकोळ कशी?

दुखापत साधी ठरली तरी भरपाई बुडत नाही. राजकुमार विरुद्ध अजयकुमार खटल्यात 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. उपचारांचा खर्च, त्या काळात बुडालेली कमाई आणि सोसलेल्या वेदना यांची भरपाई द्यायचीच असते. कायम अपंगत्वाचा पुरावा लागतो तो पुढची कमाई घटेल या दाव्यासाठी. तडजोडीच्या टेबलावर मात्र विमा कंपनीचा ‘अपंगत्व किती टक्के?’ हाच पहिला प्रश्न असतो. ही अडवणूक थांबली पाहिजे.

विमा कंपन्यांची खोट्या दाव्यांबद्दलची भीती निराधार नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये त्यावर 31 मे 2021 पासून उपाय झाला: मानेची दुखापत किती महिने टिकली त्यावर रक्कम ठरते आणि वैद्यकीय अहवालाशिवाय तडजोडीचा प्रस्तावच देता येत नाही. तीन महिन्यांपर्यंतच्या दुखण्याला तिथे सुरुवातीला अवघे 240 पौंड ठरवले गेले. ती कंजुषी नको, पण दुखणे किती काळ टिकले ते मोजण्याची रीत आपल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांनी जरूर घ्यावी. त्यासाठी सरकारी आणि खासगी डॉक्टरांनी वेदना, मानेची हालचाल आणि सांगितलेली विश्रांती तारखेनिशी लिहिली पाहिजे.

धुळे-नाशिककडे सतत जाणे-येणे असलेल्या इंदूरच्या मराठी कुटुंबांनी एक लक्षात ठेवावे. अपघात महाराष्ट्रात झाला तरी दावा आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणात करता येतो. दुखू लागताच डॉक्टरांना दाखवा, पोलिसांत नोंद करा, बुडालेल्या कामाचा पुरावा जपा आणि सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करा.