रावण पेटला तेव्हा कान तयार होता

नवा रायपूरच्या पोस्टिंगवर आम्ही अभनपूरला भाड्याने राहतो. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण दसऱ्याला दोघं एकत्र असण्याची ही पहिलीच वेळ. सौ. म्हणाली, रायपूरला डब्ल्यूआरएस कॉलनीतला रावण बघायचाच. पूर्वी इथे नॅरो गेजची गाडी होती, मार्च 2025 पासून मेमू धावते. दुपारीच निघालो.

रेल्वेच्या वॅगन कारखान्याच्या त्या वसाहतीत मैदानावर मुंगीला वाट नव्हती. आतषबाजी सुरू झाली आणि मी अगदी शांत उभा होतो. आवाज कुठून येणार, कधी येणार, ठाऊक होतं. सौ. तर लहान पोरीसारखी टाळ्या पिटत होती.

रात्री परतताना आमच्याच गल्लीत कुणीतरी मागून सुतळी बॉम्ब टाकला. मी तिला ओढून भिंतीला टेकलो. ती आधी हसली, मग गप्प झाली.

फटाके बंद करा, असं मी म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली दिवाळीसाठी रात्री 8 ते 10 ही वेळ ठरवून दिली, तेवढी जरी पाळली तरी पुरे. माजी सैनिक बांधवांना वेगळं सांगायला नको. वस्तीने एका मैदानावर, वेळ सांगून हवी तेवढी दारू उडवावी. वर्गणी मी पहिली देईन. गल्लीतल्या पोरांशी दिवाळीआधी बोलायचंय, सौ. म्हणते, तुम्ही नको, मी बोलते.