कटआउट

"आजोबा, बुलेटला कटआउट बसवू या का?"

सुट्टीला पुण्याहून आलेल्या नातवाने जेवताना हे विचारलं आणि माझा घास हातातच राहिला. आम्हा सोलापूरकरांना कटआउट म्हटलं की चौकातला वीस फुटी पुढारी आठवतो. तो बुलेटवर कुठे बसवणार?

मग त्याने समजावलं. इंजिनातून निघणाऱ्या नळीला सायलेन्सरच्या आधीच एक फाटा काढायचा, त्याला झडप लावायची. झडप बंद असेल तर धूर नेहमीसारखा सायलेन्सरमधून जातो. बटण दाबून उघडली की सगळा आवाज मोकळा! त्याने मोबाईलवर अमेरिकेतल्या जुन्या दणकट गाड्या दाखवल्या. तिकडे त्यांना मसल कार म्हणतात. १९७० सालच्या पाँटियाक जीटीओ गाडीत तर असा आवाज वाढवायची खुंटी कंपनीच बसवून देत असे. थोड्याच दिवसांत कंपनीने ती बंद केली, ही गोष्ट मात्र चिरंजीवांनी शेवटी आणि हळू आवाजात सांगितली.

आमची बुलेट ३५० सीसीची, डाव्या पायाला ब्रेक आणि उजव्या पायाला गिअर असणारी. १९८३ साली एका निवृत्त फौजी गृहस्थांकडून मी ती जुनी विकत घेतली. अँपिअरचा काटा मध्यावर आणून, डीकॉम्प दाबून किक मारायची कला मी मुलाला शिकवली, मुलाने नातवाला. तेव्हा त्याच्या हौसेला एकदम "नाही" म्हणणं मला जमेना. शिक्षकाने नाही म्हणावं, पण कारण देऊन म्हणावं. म्हणून मी चार दिवस विचार केला.

पहिला मुद्दा ताकदीचा. नळी मोकळी केली की गाडी जोरात पळते, असा समज आहे. आमच्या मिस्त्रींना विचारलं तर ते हसले. जेमतेम अठरा अश्वशक्तीचं इंजिन ते. नुसती नळी उघडली आणि कार्बुरेटरचा जेट तसाच ठेवला, तर पेट्रोल कमी आणि हवा जास्त होते. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की नळीत फटाके फुटतात. म्हणजे वाढतो तो आवाज, वेग नव्हे. शिवाय ज्या 'डुग डुग'वर आपण जीव टाकतो, तिला तो गोल घुमारा सायलेन्सरमुळेच येतो. तो वगळला की उरतो नुसता स्फोट.

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा. "आवाज ऐकून लोक बाजूला होतात," असं नातू म्हणाला. यात थोडं तथ्य आहे. पण आवाजाचं तोंड मागे आणि धोका बहुतेक वेळा समोर! समोरच्यासाठी हॉर्न दिलेला आहेच.

तिसरा मुद्दा कायद्याचा. मला वाटत होतं की कायद्यात मोघम काहीतरी लिहिलेलं असेल. पण २०१९ साली मोटार वाहन कायद्यात जे १९४-एफ कलम आलं, त्यात कटआउट हा शब्दच आहे! सायलेन्सर टाळून धूर सोडणारा कटआउट वापरला तर पहिल्या वेळी १००० रुपये दंड, पुढच्या वेळी २०००. पोलिसांनी जप्त केलेले फटाका सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याचे फोटो आपण पेपरात पाहतोच.

यावर नातवाचं उत्तर तयार होतं. "आजोबा, गावात झडप बंदच ठेवू. रात्री तर उघडणारच नाही. फक्त दिवसा, हायवेवर."

या "फक्त दिवसा"वर मी अडलो. मग त्याला एक गोष्ट सांगितली. ती मी आजवर घरातही कुणाला सांगितली नव्हती.

१९८६ ची गोष्ट. बुलेटचा सायलेन्सर गंजून फुटला. आवाज दुप्पट झाला आणि खरं सांगतो, मला तो आवडला. गल्लीत शिरलो की पोरं धावत बाहेर यायची. पस्तिशीतल्या मास्तरला आणखी काय पाहिजे? दुरुस्ती मी पुढे ढकलत राहिलो. तेव्हा गिरण्या चालू होत्या, गाव भोंग्यावर उठत होतं. शेजारचे गृहस्थ गिरणीत कामाला होते. रात्रपाळी करून सकाळी यायचे, न्याहारी करून झोपायचे. आणि मी साडेदहाला शाळेला निघताना त्यांच्या भिंतीला लागून किक मारायचो.

दोन महिन्यांनी नळावर त्यांच्या बायकोने माझ्या बायकोला सांगितलं, "मास्तरांची गाडी लागली की हे दचकून उठतात, मग डोळ्याला डोळा नाही. रात्री मशीनपाशी डुलकी येते म्हणतात. लई भ्या वाटतंय." तोवर का बोलला नाहीत असं हिने विचारलं तर म्हणाली, "मास्तरांना कसं सांगायचं? पोरगा त्यांच्या वर्गात आहे."

ते वाक्य मला अजून टोचतं. ज्याला सर्वांत जास्त त्रास, तोच बोलू शकत नव्हता, आणि कारण काय, तर माझ्याबद्दलचा आदर! दुसऱ्या दिवसापासून मी गाडी बंद ठेवून कोपऱ्यापर्यंत ढकलत नेऊ लागलो. पगार झाल्यावर सायलेन्सर बदलला. शेजाऱ्यांची माफी मात्र मी मागितली नाही. लाज वाटली. पुढे ते घर सोडून गेले आणि ते राहूनच गेलं.

नातू गप्प बसला होता. मग म्हणाला, "पण आता गिरण्या कुठे आहेत?"

गिरण्या नाहीत, पण रात्रपाळी आहेच की. समोरच्या घरातली मुलगी सिव्हिलमध्ये नर्स आहे, पलीकडचा मुलगा एमआयडीसीत जातो. कुणाकडे तान्हं मूल, कुणाकडे आजारी माणूस. आपला दिवस ही कुणाची तरी रात्र असते. आणि बटण आपल्या हातात असलं तरी कान दुसऱ्याचे असतात.

मला आवाजाचं वावडं नाही. गड्ड्याच्या जत्रेत मौत का कुआँमध्ये विनासायलेन्सरच्या गाड्या मीही तोंड वासून पाहिल्या आहेत. पण तिथे ज्याला ऐकायचं तो तिकीट काढून येतो. गल्लीत कुणी तिकीट काढलेलं नसतं.

रविवारी आम्ही दोघांनी टॅपेट जुळवले, नवा साधा सायलेन्सर बसवला आणि अक्कलकोटला जाऊन आलो. गाडी नातवाने चालवली. परत गल्लीत शिरलो तेव्हा ओट्यावर पेपर वाचणाऱ्या गृहस्थांनी मान वर केली नाही. मला बरं वाटलं.

कटआउट चौकातलाच बरा. निदान तो गप्प असतो!