ब्लेझर शेवटी शिवावा

परदेशी जाणारा एखादा अभ्यासगट निवडला गेला की त्याची पहिली बैठक बहुधा ब्लेझरच्या रंगावर होते. मग भेटवस्तू, मग व्हिसा, मग संगणकावरचे सादरीकरण. त्यात ताजमहाल, अजिंठा, गणेशोत्सव आणि चित्रपटगीतावरचा एक नाच. दोन-तीन महिने असे सरतात आणि गट विमानात बसतो. तयारी उत्तम झाली, असे सर्वांना अगदी प्रामाणिकपणे वाटत असते.

रोटरी फाउंडेशनने 1965 साली ‘ग्रुप स्टडी एक्स्चेंज’ ही योजना सुरू केली. गटाचा नेता रोटेरियन असे. त्याच्यासमवेत साधारणपणे 25 ते 40 वयोगटातील, रोटरीचे सदस्य नसलेले चार व्यावसायिक असत. कोणी डॉक्टर, कोणी अभियंता, कोणी शिक्षिका. हा गट चार ते सहा आठवडे दुसऱ्या देशात राही आणि तिकडचा गट इकडे येई. 2013 साली ही योजना बंद झाली. पुढे व्यावसायिक प्रशिक्षण पथके आली. त्या योजनेचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे निवास यजमानांच्या घरी असे, हॉटेलात नव्हे. काही दिवस एका गावी, एका कुटुंबात. मग नवे गाव आणि नवे कुटुंब. अशा प्रकारचे उपक्रम आज अनेक संस्था करतात.

खरी कसोटी लागते ती या घरांतच. सभागृहात सादरीकरण चालू असताना गटातील सारे एकत्र असतात. रात्री मात्र प्रत्येक जण परक्या घरी एकटा जेवायला बसतो. तेथे यजमानीण सहज विचारते, तुमच्याकडे अजून जात पाहून विवाह होतात का? मुलीचा गर्भ पाडतात, हे खरे का? शेतकरी आत्महत्या का करतात? पाच घरांत पाच उत्तरे जातात. एक जण अपमान झाल्यासारखा चिडतो. दुसरा स्वदेशाची यथेच्छ निंदा करून आधुनिकतेचे प्रशस्तिपत्र मिळवतो. तिसरा पुष्पक विमानाकडे वळतो. चिडणारा आणि निंदा करणारा लगेच ओळखू येतात. तिसऱ्याचे मात्र देशाभिमानी घरांतही कौतुक होते, म्हणून त्याच्याविषयी थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे.

गटातील डॉक्टरला भारतीय शल्यकर्माची थोरवी सांगण्यासाठी पुराणकथेची गरजच नाही. 1794 साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये पुण्याकडील एका शस्त्रक्रियेचा सचित्र वृत्तान्त छापून आला. इंग्रजांच्या सैन्यातील कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक टिपूच्या माणसांनी कापले होते. कपाळाची त्वचा खाली वळवून ते नव्याने घडवण्यात आले. ही शस्त्रक्रिया करणारा माणूस विटा पाडणाऱ्या जातीतील होता. पुढे 1814 साली जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने लंडनमध्ये हीच पद्धत वापरली. हा दाखला कोणताही परदेशी डॉक्टर तपासून पाहू शकतो. आणि जातीविषयीच्या प्रश्नाला त्यातच एक प्रामाणिक उत्तर आहे. असे कौशल्य अशा हातांत होते. मग त्या हातांना समाजाने काय मान दिला, हा प्रतिप्रश्न यजमानांच्या आधी गटाने स्वतःला विचारलेला बरा.

म्हणूनच अडचणीच्या प्रश्नांवर गटाने घरीच मनसोक्त भांडून घ्यावे. सर्वांनी एकच उत्तर पाठ करण्यासाठी हे भांडण नसावे. वस्तुस्थितीविषयी पाचांचे एकमत झाले की मतभेद असले तरी ते शोभून दिसतात.

तयारीची दुसरी बाजू म्हणजे काय पाहायचे आणि काय विचारायचे. येथे जपानचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. इवाकुरा तोमोमी यांच्या नेतृत्वाखालील शिष्टमंडळ 1871 च्या डिसेंबरात योकोहामाहून निघाले आणि अमेरिका व युरोप पाहून 1873 च्या सप्टेंबरात परतले. कोणी कोणता विषय पाहायचा याची वाटणी झालेली होती; शिक्षणाची जबाबदारी तानाका फुजिमारो यांच्याकडे होती. नोंदी ठेवणाऱ्या कुमे कुनिताके यांचा पाच खंडांचा वृत्तान्त 1878 साली प्रसिद्ध झाला. एवढी शिस्त असूनही एक गोष्ट राहिलीच. वॉशिंग्टनमध्ये कराराच्या वाटाघाटी सुरू झाल्यावर लक्षात आले की त्यासाठी लागणारे पूर्ण अधिकारपत्र शिष्टमंडळाजवळ नाही. ओकुबो आणि इतो यांच्यासारख्या मातब्बरांना ते आणायला मायदेशी परतावे लागले. त्यात कित्येक महिने गेले आणि अखेर वाटाघाटीही फसल्या.

आपल्याकडील गटांचे अधिकारपत्र वेगळ्या अर्थाने विसरले जाते. पाणीपुरवठ्याचा अभियंता परदेशातील जलशुद्धीकरण केंद्र पाहतो, छायाचित्र काढतो. पण स्वतःच्या नगरपालिकेत रोज किती पाणी गळतीत जाते, हा आकडा त्याच्या खिशात नसतो. मग तो तेथे विचारणार काय? शिक्षिकेने निघण्यापूर्वी जिल्हा परिषदेच्या दोन शाळांत चार दिवस बसावे. परिचारिकेने तालुक्याच्या रुग्णालयात एक रात्रपाळी पाहावी. प्रत्येकाने आपल्या क्षेत्रातले तीन प्रश्न लिहून काढावेत आणि उरलेल्या चौघांनी ते निर्दयपणे तपासावेत. ज्यांचे उत्तर पुस्तकात मिळते, ते खोडून टाकावेत.

परतल्यावर सत्कार होतो, व्याख्यान होते, अहवाल कपाटात जातो. तो कोणाच्या हाती द्यायचा, त्या मुख्याधिकाऱ्याला, मुख्याध्यापकाला वा वैद्यकीय अधिकाऱ्याला निघण्यापूर्वीच भेटून परतीनंतरची तारीख ठरवून घ्यावी. एवढे झाल्यावर ब्लेझरचे माप द्यायला शिंप्याकडे जायला वेळ उरतोच.