गाण्याला आरोपी करण्यापूर्वी

कर्जत-खालापूरकडे मिरवणुकीत मारामारी झाली, की वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘ही सगळी त्या गाण्यांची करणी!’ तक्रार जुनीच आहे. १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री डॉ. बा. वि. केसकर यांनी अभिरुची बिघडते म्हणून आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार केली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि १९५७ मध्ये आकाशवाणीलाच विविध भारती सुरू करावी लागली.

पावसाळ्यात बेडूक ओरडतात आणि उल्हास नदीला पूरही येतो. पूर बेडकांनी आणला, असे कोणी म्हणत नाही. दोन्हींमागे पाऊस असतो. मिरवणुकीत गाण्याबरोबर गर्दी असते, दारू असते, जुनी भांडणे असतात. तेच गाणे घरी रेडिओवर लागते तेव्हा कोणी कोणावर हात उगारत नाही. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हिंसक शब्दांची गाणी ऐकल्यावर विद्यार्थ्यांच्या मनात रागीट विचार वाढलेले दिसले, हे खरे. पण मनात राग येणे आणि गुन्हा करणे यांत फार अंतर आहे.

माझी तक्रार शब्दांबद्दल नाही, आवाजाबद्दल आहे. आणि तो मोजता येतो. २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. दर १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता दसपट होते. म्हणजे ९५ डेसिबलला ती मर्यादेच्या दहा हजार पट झाली! असा आवाज तासन्‌तास ऐकल्याने आंतरकर्णातील केसपेशी मरतात आणि त्या पुन्हा येत नाहीत. भिंतीएवढ्या ध्वनिक्षेपकांवर गाण्याऐवजी अभंग लावला, तरी त्या तशाच मरतील.